तुटलेलं पातं आणि निरुपयोगी स्पेअर : एका अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकेचं प्रकरण

अणुऊर्जेवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेचा विषय निघाला की सगळं बोलणं अणुभट्टीभोवती फिरतं. इंधन किती वर्षं पुरतं, किरणोत्सर्गाचं काय, भट्टी बिघडली तर काय. प्रश्न रास्त आहेत. पण अशी एक नौका नौदलात रीतसर दाखल व्हायच्या आधीच जवळपास चार महिने बंदरात अडकली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ठरलेल्या वेगापेक्षा हळू चालली, ती भट्टीमुळे नव्हे. धातूच्या एका ओतीव भागामुळे, प्रोपेलरमुळे. त्या भागाचे स्पेअर तयार होते, ताब्यात होते, तरीही ते बसवता आले नाहीत. सुट्या भागांचं नियोजन करणाऱ्या कुणालाही हे प्रकरण बारकाईने पाहावंसं वाटेल असं आहे.

नौका फ्रान्सची आहे. तिचं नाव झाकण्यात अर्थ नाही, कारण अमेरिकेबाहेर सेवेत असलेली अणुऊर्जेवरची विमानवाहू नौका एकच आहे, ‘शार्ल द गॉल’. पुरवठादार कारखान्याचं नाव आणि माणसांची नावं मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

‘शार्ल द गॉल’चं बांधकाम ब्रेस्तच्या गोदीत एप्रिल 1989 मध्ये सुरू झालं आणि मे 1994 मध्ये तिचं जलावतरण झालं. पुढचं काम पैशाअभावी रखडत राहिलं. नौकेची लांबी सुमारे 261 मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे 42,000 टन. आत के-15 जातीच्या दोन अणुभट्ट्या, प्रत्येकीची औष्णिक क्षमता 150 मेगावॅट. भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार होते, वाफेवर टर्बाइन फिरतात, टर्बाइनवर दोन शाफ्ट आणि प्रत्येक शाफ्टच्या टोकाला एक प्रोपेलर. करारातला कमाल वेग 27 नॉट, म्हणजे ताशी 50 किलोमीटर.

सुट्या भागांच्या नजरेतून ही नौका पाहिली की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. सगळ्यांत गुंतागुंतीची यंत्रणा म्हणजे भट्टी, पण ती या नौकेपुरती बनवलेलीच नव्हती. फ्रान्सच्या ‘त्रियोंफाँ’ वर्गातल्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांत हीच के-15 भट्टी आहे. त्यामुळे तिचे पंप, झडपा, नियंत्रणाची उपकरणं, ती जाणणारी माणसं, दुरुस्तीची पद्धत, हे सगळं एकापेक्षा जास्त जहाजांमध्ये वाटलेलं होतं. विमानं फेकणारे दोन कॅटापल्ट अमेरिकी सी-13-3 जातीचे, 75 मीटर लांबीचे. उतरणारं विमान अडवणारी तारांची यंत्रणाही अमेरिकी. म्हणजे तिथेही एका मोठ्या नौदलाची पुरवठासाखळी पाठीशी होती. त्यासाठी परक्या देशावर अवलंबून राहावं लागतं हे खरं, पण भाग बनवणारे हात चालू असतात, ही त्यातली जमेची बाजू.

प्रोपेलर मात्र फक्त तिचाच होता. जगात दुसऱ्या कुठल्याच जहाजाला तो लागत नव्हता. प्रोपेलर हा दुकानातून आणण्याचा भाग नव्हेच. जहाजाच्या बुडाचा आकार, मागे सुटणारा पाण्याचा प्रवाह, शाफ्टचे फेरे, टर्बाइनची ताकद, या सगळ्यांचा मेळ घालून पात्यांचा पीळ आणि रुंदी ठरते. तो एकाच तुकड्यात ओतला जातो, मग कातला जातो, घासला जातो, तोलला जातो. वजन कित्येक टन. मागणी नोंदवल्यापासून हातात पडेपर्यंतचा काळ महिन्यांत मोजायचा.

पुरवठ्याच्या कामात अशा भागाला विम्यासारखं धरतात. तो सहसा लागतच नाही. नौकेच्या आयुष्यात एकदाही लागला नाही तरी नवल नाही. पण लागला तर लगेच लागतो, आणि दुसरीकडून मिळत नाही. म्हणून नौकेबरोबरच जादा प्रोपेलर बनवून घेतले जातात. इथेही घेतले होते. कागदावर सगळं चोख होतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अमेरिकेच्या ‘निमित्झ’ वर्गात दहा नौका आहेत आणि प्रत्येकीला चार शाफ्ट आहेत. एक प्रोपेलर गेला तर पाव ताकद जाते, आणि त्याच वर्गातल्या आणखी नऊ नौकांसाठी तसेच भाग राखलेले असतात. ‘शार्ल द गॉल’चं एक प्रोपेलर गेलं की निम्मी ताकद गेली, आणि वर्गात बहीण कुणीच नाही.

काय घडलं

नोव्हेंबर 2000. नौका अजून चाचण्यांच्या काळात होती. लांब पल्ल्याच्या प्रवासात ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या नॉरफोक बंदराकडे निघाली होती. 9 आणि 10 तारखेच्या मधल्या रात्री, अटलांटिकच्या पश्चिम भागात, डाव्या बाजूच्या प्रोपेलरचं पातं तुटलं. दौरा सोडून नौकेला तुलाँ या फ्रान्सच्या नौदल तळावर परतावं लागलं.

वेळ याहून वाईट असू शकली नसती. फ्रान्सच्या जुन्या दोन विमानवाहू नौकांच्या जोडीतली ‘क्लेमांसो’ 1961 पासून सेवेत होती आणि 1997 मध्ये निवृत्त झाली होती. दुसरी ‘फॉश’ 1963 ची. ती ब्राझीलला विकली गेली होती आणि 15 नोव्हेंबर 2000 रोजी ‘साओ पाउलो’ या नावाने ब्राझीलच्या नौदलात गेली. पातं तुटल्यावर पाच-सहा दिवसांत. म्हणजे फ्रान्सकडे जुनी विमानवाहू नौका उरली नव्हती आणि नवी लंगडत घरी येत होती.

बिघाडाचं मूळ

तपासणीत डाव्या प्रोपेलरच्या धातूत पोकळ्या सापडल्या, पात्यांच्या मुळाशी, मधल्या भागाजवळ. प्रोपेलर तांबं आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. हा धातू समुद्राच्या पाण्यात चांगला टिकतो, पण ओतताना जपावं लागतं. वितळलेल्या धातूत वायू विरघळलेला असतो. धातू थिजू लागला की तो वायू बाहेर पडायला बघतो. शिवाय थिजताना धातू आकसतो आणि आकसलेली जागा भरायला वरून आणखी वितळलेला धातू मिळत राहावा लागतो. पात्याची कड पातळ, ती लवकर थंड होते. मधला गड्डा सगळ्यांत जाड, तो सगळ्यांत शेवटी थंड होतो. साच्याची रचना किंवा ओतण्याची गती जरा चुकली की वायूचे बुडबुडे आणि आकसण्याच्या पोकळ्या नेमक्या तिथेच अडकतात. आणि पात्यावरचा ताण सगळ्यांत जास्त कुठे येतो? मुळाशी, त्याच जागी.

ही पोकळी पहिल्या दिवशी काहीच करत नाही. जहाजाच्या मागचा पाण्याचा प्रवाह सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक पात्यावरचा भार थोडा वाढतो, थोडा कमी होतो. लाखो फेऱ्यांनंतर पोकळीच्या कडेशी केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू सरकत राहते. शेवटी उरलेला धातू भार पेलू शकत नाही आणि पातं एका क्षणात सुटतं.

पोकळ्या आधी का दिसल्या नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. ओतीव भाग तपासायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे पृष्ठभागावर लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, पुसून घ्यायचं आणि वर पांढरी पूड फवारायची. भेग असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पण ही रेघ फक्त पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगेची असते. आत दडलेल्या पोकळीबद्दल ही रीत काहीच सांगत नाही. अल्ट्रासाउंडने आत पाहता येतं, मात्र या मिश्रधातूच्या जाड ओतीव भागात कण मोठे असतात, ध्वनिलहरी विखुरतात आणि पडद्यावर गोंगाटच जास्त दिसतो. क्ष-किरणांनाही एवढी जाडी भेदणं जड जातं. म्हणून शहाणा खरेदीदार तयार मालाच्या तपासणीवर विसंबत नाही. ओतकामाची प्रक्रियाच पाहतो : साचा कसा होता, तापमान किती होतं, नमुन्याचे तुकडे कापून पाहिले का.

मग तपासणी उजव्या प्रोपेलरची झाली. त्यातही तसाच दोष. मग ठेवणीतल्या स्पेअरची. त्यांतही तोच दोष.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे, पात्याच्या तुटण्यात नाही. एकाच कारखान्यात, एकाच पद्धतीने ओतलेले सगळे प्रोपेलर एकच खोट घेऊन जन्मले होते. हिशेबाच्या वहीत स्पेअर शिल्लक दिसत होते. प्रत्यक्षात गोदामात पुढचा अपघात जपून ठेवलेला होता.

पुढचं आणखी वाईट. प्रोपेलर बनवणारा पुरवठादार तोवर दिवाळखोरीत निघून बंद पडला होता. जाब विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि पुन्हा बनवून द्या म्हणायलाही नाही. तेव्हाच्या वृत्तांनुसार प्रोपेलरच्या आराखड्याची आणि निर्मितीची कागदपत्रंही आगीत नष्ट झाली होती. भाग सदोष, बनवणारा गायब, बनवण्याची माहिती जळालेली. तिन्ही एकदमच.

समोरच्या वाटा

पहिली वाट म्हणजे ठेवणीतले स्वतःचे प्रोपेलर बसवायचे आणि वेगावर बंधन घालून निघायचं. दिसायला सगळ्यांत जलद, पण पोकळी किती मोठी आणि भेग कधी सुटेल हे कुणीच छातीठोक सांगू शकलं नसतं. पातं तुटलं की उरलेला प्रोपेलर असमतोल फिरतो, आणि तो हादरा शाफ्ट, बेअरिंग, सीलपर्यंत जातो. ही वाट खरं तर वाट नव्हती.

दुसरी, नवे प्रोपेलर बनवून घ्यायचे आणि तोवर नौका बंदरात ठेवायची. तांत्रिकदृष्ट्या हेच बरोबर उत्तर. पण आराखडा पुन्हा उभा करायचा, नवा ओतकाम कारखाना शोधायचा, त्याची प्रक्रिया पारखायची, मग ओतायचं, कातायचं, चाचण्या घ्यायच्या. त्या सगळ्या काळात देशाकडे विमानवाहू नौका नाही. आणि नौका उभी राहिली तरी अणुभट्टीच्या देखभालीला सुट्टी नसते. भट्टी सांभाळणारे लोक लागतातच, वैमानिकांचा डेकवर उतरण्याचा सराव मात्र बुडतो. तो सराव बुडाला तर भरून काढायला वेळ जातो, हे पुष्कळदा हिशेबात धरलं जात नाही.

तिसरी वाट जुगाडाची. ‘क्लेमांसो’ आणि ‘फॉश’ यांच्यासाठी राखलेले जादा प्रोपेलर फ्रान्सकडे अजून होते. त्या नौकाही दोन शाफ्टच्याच. पण त्यांचं बूड वेगळं, वजन सुमारे 33,000 टन, वेग 32 नॉट. त्यांच्यासाठी घडवलेलं पातं या जड आणि मंद नौकेखाली नीट जुळणार नाही, हे उघड होतं. वेग कमी पडणार आणि आवाज वाढणार. तरी धातू निर्दोष होता.

निर्णय आणि अंमलबजावणी

निर्णय दोन पातळ्यांवर झाला, आणि म्हणूनच तो मला पटतो. आत्तासाठी जुन्या नौकांचे प्रोपेलर, आणि योग्य नवे प्रोपेलर मोठ्या दुरुस्तीच्या वेळी. तात्पुरत्या उपायाला तात्पुरतं म्हटलं गेलं आणि त्याची किंमत उघडपणे मान्य केली गेली : वेग 27 ऐवजी 24-25 नॉट.

5 मार्च 2001 रोजी नौका जुन्या प्रोपेलरवर समुद्रात उतरली. चाचणीत 25.2 नॉट वेग मिळाला. 18 मे 2001 रोजी ती नौदलात दाखल झाली, करारातला वेग गाठता येत नसताना.

दोन नॉट म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर, ते काय मोठं, असं वाटेल. पण विमानवाहू नौकेचा वेग फक्त कुठेतरी पोहोचण्यासाठी नसतो. विमान सोडताना नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून धावते, म्हणजे डेकवरून जाणारा वारा वाढतो आणि विमानाला तेवढी उचल आयती मिळते. हवा पडलेली असेल, ऊन कडक असेल, विमान बॉम्ब आणि इंधनाने जड असेल, तेव्हा हे दोन नॉट विमानाच्या पोटातल्या भारातून वजा करावे लागतात. उतरतानाही तेच. वारा कमी म्हणजे विमान तारेवर जास्त वेगाने येणार.

वेगाची किंमत आधीच ठरली होती. आवाजाची मात्र नंतर कळली. उजव्या प्रोपेलरजवळ 100 डेसिबलपर्यंत आवाज होऊ लागला आणि नौकेच्या मागच्या भागात राहणं अशक्य झालं. तिथे लोक झोपतात, काम करतात. आपल्यासाठी न घडवलेलं पातं पाण्यात फिरलं की प्रवाह विस्कटतो आणि कंपन बुडाच्या पत्र्यातून आत शिरतं. जुलै ते ऑक्टोबर 2001 या काळात नौका पुन्हा दुरुस्तीला गेली.

परिणाम

डिसेंबर 2001 मध्ये नौका तुलाँहून हिंदी महासागराकडे निघाली. अफगाणिस्तानातल्या मोहिमेसाठी तिच्या डेकवरून ‘सुपर एतांदार’ विमानांनी उड्डाणं केली. पातं तुटल्यापासून जेमतेम वर्ष झालं होतं आणि खाली उसने प्रोपेलर होते. दुसरी वाट धरली असती तर या वेळी ती कदाचित बंदरातच असती.

नवे प्रोपेलर बसले ते सप्टेंबर 2007 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुरुस्तीत. त्याच वेळी भट्ट्यांचं इंधन पहिल्यांदा बदललं गेलं. इंधनबदल म्हणजे नौका वर्षभराहून अधिक काळ गोदीत, म्हणून बाकीची जड कामंही त्यात बसवली जातात. 2008 च्या अखेरीस ती बाहेर पडली तेव्हा 27 नॉट परत मिळाले होते. म्हणजे तात्पुरती जोडी सहा वर्षांहून अधिक टिकली.

त्यानंतर मार्च 2009 मध्ये टर्बाइनची शक्ती शाफ्टकडे नेणाऱ्या जोडणीत अनपेक्षित झीज आढळली आणि नौका पुन्हा तुलाँला आली. ऑक्टोबर 2010 मध्ये मोहिमेवर निघाल्यावर लगेचच विजेच्या बिघाडाने परतली. दोन्ही वेळा अडलं ते भट्टीच्या बाहेरच.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

उसने प्रोपेलर बसवण्याचा निर्णय बरोबर होता, यात मला शंका नाही. खरी चूक त्याच्या कितीतरी आधी, मागणी नोंदवताना झाली. जादा प्रोपेलर मागवताना ‘किती नग’ हा प्रश्न विचारला गेला. ‘कोणकोणत्या हातचे’ हा विचारला गेला नाही. मूळ जोडी आणि स्पेअर यांच्यात काहीतरी वेगळं असायला हवं : दुसरा कारखाना, नाहीतर निदान वेगळ्या वेळी, पहिल्या ओतकामाचा तुकडा कापून पाहिल्यावर ओतलेला माल. दोन कारखान्यांकडून घेणं महाग पडतं. एकदाच लागणाऱ्या भागासाठी दोन वेळा साचा करा, दोन वेळा प्रक्रिया पारखा. हिशेब पाहणारा माणूस हरकत घेणारच, आणि त्याची हरकत चुकीची नसते. त्याला उत्तर द्यायचं तर भागाची किंमत नव्हे, नौका उभी राहण्याची किंमत समोर ठेवावी लागते.

दुसरा टप्पा कागदपत्रांचा. आराखडे, साच्याची मापं, धातूचं मिश्रण, उष्णतेच्या नोंदी हे सगळं मालाबरोबर ताब्यात घ्यायचं असतं आणि पुरवठादाराच्या आवाराबाहेर, वेगळ्या जागी त्याची दुसरी प्रत ठेवायची असते. अणुभट्टीच्या बाबतीत ही शिस्त कुणी मोडत नाही, कारण नियामक संस्था मोडू देत नाही. प्रत्येक वेल्डची नोंद, प्रत्येक पाइपचा जन्मदाखला. प्रोपेलर अणुभट्टीचा भाग नाही, म्हणून त्याच्यावर तो पहारा नव्हता. नौका चालण्यासाठी दोघांचं महत्त्व सारखंच, जबाबदारीच्या यादीत मात्र एक पहिल्या पानावर आणि दुसरा शेवटच्या.

पुरवठादाराच्या तब्येतीवर नजर ठेवणं हा तिसरा. कारखाना रातोरात बंद पडत नाही. जुने कारागीर सोडून जातात, माल उशिरा येतो, मालकी बदलते. एकच जहाज, एकदाच मागणी, पुढची वीस-तीस वर्षं काही नाही, अशा कामावर कुठलाही ओतकाम कारखाना जगू शकत नाही. म्हणजे एकुलत्या नौकेचा पुरवठादार टिकणार नाही, हे धरूनच चालायला हवं होतं. तो असेपर्यंत त्याच्याकडून माल, माहिती आणि साचे, तिन्ही सोडवून घ्यायचे.

आणि ‘फॉश’चा निरोप. नवी नौका पूर्ण वेगाने, पूर्ण भाराने, लांबच्या प्रवासातून सुखरूप परत येईपर्यंत जुनी हातची सोडायची का? खर्च, खलाशी, विक्रीचा करार, अडचणी खऱ्या होत्या. तरी दोन्हींच्या वेळा काही महिन्यांनी एकमेकींवर चढल्या असत्या तर नोव्हेंबरमध्ये देश विमानवाहू नौकेविना राहिला नसता. मात्र जुन्या नौका गेल्या तरी त्यांचे जादा प्रोपेलर कुणी भंगारात काढले नव्हते, हेही खरं. कुणाच्या तरी दूरदृष्टीने असो वा नुसत्या सवयीने, त्या जोडीनेच नौका चालवली.

फ्रान्सने डिसेंबर 2020 मध्ये पुढच्या विमानवाहू नौकेची घोषणा केली. तीही अणुऊर्जेवरची, के-22 जातीच्या दोन नव्या भट्ट्यांची, आणि 2038 च्या सुमारास ‘शार्ल द गॉल’ची जागा घेणारी. तीही एकुलतीच असणार आहे. तिचे प्रोपेलर आणि त्यांचे स्पेअर मागवताना ‘किती’च्या शेजारी ‘कुणाकडून’ आणि ‘कधी ओतलेले’ हे दोन रकाने असतील का, ते मागणीपत्र लिहितानाच ठरेल. नौका पाण्यात उतरल्यावर ते ठरवता येत नाही.